बाबांचे उच्चार राहू द्या, फोनमधली नावं बदला

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. तुमचे बाबा नागपुरात प्रतापनगरला राहतात. काचबिंदूमुळे त्यांची नजर अधू झाली आहे आणि टचस्क्रीनला ते हात लावायला तयार नाहीत. म्हणून तुम्ही तुमचा जुना नोकिया एन७३ त्यांना दिला आणि नाव बोलून फोन लावायला शिकवलं. हिवाळ्यात बरं चाललं. आता ‘वैशाली’ म्हटलं की विलासकाकांना फोन लागतो, ‘ज्ञानेश्वर’ फोनला कळतच नाही आणि ‘माई’ म्हटल्यावर काहीच होत नाही. भावाचं म्हणणं, कवळीमुळे बाबांचे उच्चार गेले. बाबा चिडून फोन बाजूला ठेवून बसलेत. हे दुरुस्त होईल की नवा फोन घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

होईल, आणि बहुतेक सगळं घरच्या घरी होईल. बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. हा फोन नवा होता तेव्हापासून तो माझ्या हाताखालून जातोय. यात बाबांच्या उच्चारांचा वाटा सगळ्यात कमी आहे. मोठा दोष आहे तो फोनबुकातल्या यादीचा.

आवाजावर नंबर लावणारे जुने फोन दोन जातींचे होते आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिल्या जातीत आपलाच आवाज आधी भरून ठेवावा लागे. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्ये ही सोय होती, २००३ च्या ६६०० मध्येही होती. एखादं नाव निवडायचं, ‘व्हॉइस टॅग’ जोडायचा आणि आपल्या तोंडानं ते नाव म्हणायचं. पुढं फोन लावताना तेच नाव पुन्हा म्हटलं, की फोन आवाजाचे दोन नमुने एकमेकांवर ठेवून जुळवून बघे. त्या फोनला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं. मराठी म्हणा, गोंडी म्हणा, नुसती शीळ घाला, भरताना जे केलं तेच परत केलं की काम झालं. अट एकच: माणूस तोच हवा आणि म्हणण्याची ढबही तीच हवी. कवळी घालून नाव भरलं आणि सकाळी कवळी न घालता म्हटलं, तर तो फोन खरोखरच अडायचा. भाऊ म्हणतो ते त्या जातीच्या फोनला लागू पडतं.

तुमचा एन७३ हा २००६ चा, दुसऱ्या जातीचा. यात आवाज भरावा लागत नाही. फोनबुकात नाव टाइप केलं की त्याच्या स्पेलिंगवरून फोन स्वतःच उच्चार तयार करतो, फोनची भाषा जी ठेवली असेल त्या भाषेच्या नियमांनी. तुमची भाषा इंग्रजी आहे आणि नावं रोमन लिपीत आहेत. म्हणजे आपल्या घरातली नावं तो एखाद्या इंग्रज मास्तरासारखी वाचतो आणि बाबांनीही तशीच म्हणावीत अशी अपेक्षा ठेवतो. बाबा ‘वैशाली’ म्हणतात ते अगदी बरोबर म्हणतात, पण फोनच्या मनात भलतंच काही असतं. हे सगळं २२० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर, इंटरनेटशिवाय, फोनच्या आतच चालतं. त्या काळच्या मानानं ही कारागिरी मोठी होती. पण तिच्याकडून मराठीची अपेक्षा ठेवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. हा फोन बोललेलं ‘समजून’ घेत नाही. त्याच्यासमोर फोनबुकाची यादी असते आणि ऐकलेला आवाज त्या यादीतल्या कोणत्या नावाच्या सर्वांत जवळ जातो, एवढंच तो ठरवतो. यादी चारशे नावांची असली, तर त्यात सुरेश, रमेश, नरेश, महेश हे चौघं असणारच. त्यातून आपल्याकडे प्रत्येकामागं भाऊ, काका, काकू, ताई लावायची सवय. ‘सुरेशभाऊ’ आणि ‘नरेशभाऊ’ यांत वेगळं ते काय उरलं? पहिलं अक्षर. ते कूलरच्या आवाजात विरलं की फोनला दोन्ही सारखेच. तुम्ही तुमचं अख्खं फोनबुक बाबांना देऊन टाकलं असणार: ऑफिसातले लोक, कुरियरवाला, सोडून दिलेल्या जिमचा नंबर, सगळं. ते आधी काढा.

बाबा खरोखर ज्यांना फोन करतात अशी नावं कागदावर लिहा. वीस-पंचवीसच्या वर जाणार नाहीत: तुम्ही दोघं भावंडं, माई, विलासकाका, डॉक्टर, औषधवाला, गॅस, शेजारी, इलेक्ट्रिशियन, दोन-चार मित्र. बाकी सगळी फोनबुकातून पुसून टाका. पुसण्याआधी जुनं फोनबुक मेमरी कार्डवर कॉपी करून ठेवा. याला मिनीएसडी कार्ड लागतं, आजचं मायक्रोएसडी नुसतं बसणार नाही. एवढ्या एका कामानं जो फरक पडतो तो पुढच्या कुठल्याही युक्तीनं पडत नाही, म्हणून वेळ कमी असेल तर निदान हे तरी कराच.

राहिलेली नावं सिमवर आहेत की फोनमध्ये, तेही बघा. बाबांच्या जुन्या सिममधले नंबर ‘सिम डिरेक्टरी’त वेगळे पडून असतात आणि आवाजानं लावायचं नाव फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्येच असावं लागतं. माईचा नंबर सिमवरच राहिला असण्याची शक्यता मला दिसते. तो फोनमध्ये कॉपी करून घ्या. तरीही ‘माई’ हे नाव फार तोकडं आहे. एवढ्याशा आवाजावरून फोनला काही पकडता येत नाही. अशा वेळी नाव लांबवायचं: ‘माई अमरावती’, ‘माई वर्धा’, जिथं राहत असतील ते गाव जोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे फोन आधी तुमचा होता. हा फोन वापरता वापरता मुख्य वापरणाऱ्याच्या आवाजाशी स्वतःला जुळवून घेत जातो. तुम्ही ही सोय वापरत असाल तर त्याचा कान तुमच्या आवाजाला बसला असणार, आणि आता तो एका वयस्क पुरुषाचा आवाज त्याच कानानं ऐकतोय. मेन्यूत टूल्समध्ये व्हॉइस कमांड्सचं ॲप आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये आवाजाची ही शिकवण पुसून नव्यानं सुरू करायचा पर्याय मिळेल. तो एकदा वापरा आणि त्यानंतर पहिले काही दिवस फोन बाबांनीच वापरावा. नातवंडांनी गंमत म्हणून ओरडून बघितलं तर शिकवण पुन्हा बिघडते.

त्याच ॲपमध्ये प्रोफाइल (जनरल, सायलेंट वगैरे) आणि इतर ॲप्ससाठी आवाजी आज्ञांचं फोल्डर आहे. ते उघडलं की फोन त्यांच्याही आज्ञा तयार करून आपल्या ऐकण्याच्या यादीत घालतो. बाबांना आवाजानं प्रोफाइल बदलायची नाही, तेव्हा तिथं शिरूच नका. नाहीतर एखादं नाव म्हणता म्हणता फोन सायलेंट व्हायचा आणि दिवसभर कुणाचा फोन लागत नाही म्हणून तुम्ही पुण्यात काळजी करत बसायच्या.

आता स्पेलिंगचं काम. थोडं किचकट आहे, पण मजा येते. प्रत्येक नाव उघडा, ऑप्शन्समधून ‘प्ले व्हॉइस टॅग’ निवडा आणि फोन ते नाव कसं म्हणतो ते कान देऊन ऐका. काही नावं तो छान म्हणेल. काहींवर तुम्ही हसाल. ‘वैशाली’चं स्पेलिंग आपण व्ही-ए-आय असं सुरू करतो. इंग्रजीत ए-आय म्हणजे बहुतेकदा ‘ए’, ‘रेन’मधला. म्हणजे फोन ‘वेशली’सारखं काहीतरी धरून बसलाय. ए-आय काढून तिथं वाय घाला, मधल्या ‘शा’ला दोन ए द्या, पुन्हा ऐका. ‘ज्ञानेश्वर’चं तर विचारूच नका. डी-एन-वाय ही आपली मराठी सोय, ती इंग्रजी वाचणाऱ्याला कशी कळावी? जी-वाय-ए-ए-एन असं लिहून बघा. ठ, थ, ळ, ण असलेली नावंही तपासा. ‘ठाकरे’तला टी-एच त्याला ‘थँक्यू’तला वाटतो. कागदोपत्री स्पेलिंग काय आहे याला इथं किंमत नाही. बाबा जसं म्हणतात तसं फोनच्या तोंडून येईपर्यंत अक्षरं बदलत राहायचं.

कॉन्टॅक्टमध्ये ‘निकनेम’चा रकाना जोडता येतो आणि फोन टोपणनावावरूनही नंबर लावतो, त्यामुळं मूळ नाव जपायचं असेल तर वेडंवाकडं स्पेलिंग तिथं टाका. मला विचाराल तर मी मूळ नावच बदलेन. बाबा काही स्क्रीनवर वाचत बसणार नाहीत.

आणि काही नावं कितीही खटपट केली तरी बसत नाहीत. तिथं मी माझ्या गिऱ्हाइकांना सरळ इंग्रजी शब्द ठेवायला सांगत असे. फोनला इंग्रजी येतं ना, मग त्याला इंग्रजीच देऊ. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी रोजचे कितीतरी इंग्रजी शब्द असतात: डॉक्टर, सिलिंडर, पोस्टमास्तर, हॉस्पिटल, टेलर. गॅसवाल्याचं नाव कशाला, ‘सिलिंडर’ ठेवा. औषधवाला ‘मेडिकल’. ज्ञानेश्वर शेजारी आहेत, तर ‘नेबर’ बाबांच्या तोंडी बसणार नाही, पण ‘ऑरेंज’ बसेल. नागपूरच्या माणसाला ऑरेंज विसरता येत नाही. मुलाला ‘टायगर’ आणि मुलीला ‘कलेक्टर’ असं नाव ठेवलेले आजोबा माझ्या ओळखीत आहेत. त्यांचा फोन कधी चुकत नाही. शब्द निवडताना दोन गोष्टी बघा: म्हणताना त्याचे दोन-तीन तुकडे पडावेत (डॉक्-टर, सि-लिं-डर) आणि यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाशी त्याची सुरुवात किंवा शेवट जुळू नये.

बोलण्याची पद्धत बाबांना पुन्हा एकदा समोर बसून दाखवा, फोनवरून सांगू नका. मुख्य स्क्रीनवर असताना उजवीकडची निवडीची कळ दाबून धरायची. बारीक ‘टूं’ असा आवाज येतो. त्या आवाजानंतरच बोलायचं. दहातले बहुतेक जण इथंच चुकतात. कळ दाबताक्षणी नाव घेतात, पहिलं अक्षर फोनच्या कानावर पडतच नाही आणि ‘वैशाली’चं ‘शाली’ होतं. मग कळ सोडून हातभर नको, वीतभर अंतरावरून, रोजच्या आवाजात, न तोडता नाव म्हणायचं. ‘वै... शा... ली’ असं फोड करून सांगितलं तर उलट बिघडतं. फोन बहिरा आहे असं समजून ओरडण्यानंही तेच होतं. ‘वैशालीला लाव रे’ असंही म्हणायचं नाही, नुसतं नाव.

त्यानंतर फोन ओळखलेलं नाव स्वतःच्या यांत्रिक आवाजात म्हणून दाखवतो आणि दोन-अडीच सेकंद थांबून नंबर लावतो. नजर अधू असलेल्या माणसासाठी हा क्षण सगळ्यात मोलाचा आहे. चुकीचं नाव ऐकू आलं तर त्या अवकाशात लाल कळ दाबायची, की फोन लागत नाही. म्हणून व्हॉइस कमांड्सच्या सेटिंग्जमध्ये हा बोलका आवाज, म्हणजे सिंथेसायझर, चालू ठेवा. फोन चुकला तर स्क्रीनवर ‘नेक्स्ट’ दाबून पुढची जवळची नावं बघता येतात, पण ते डोळसांचं काम. बाबांनी सरळ लाल कळ दाबून पुन्हा सुरुवात करावी. एका माणसाचे दोन-तीन नंबर असतील तर त्यातला एक ‘डीफॉल्ट’ करून ठेवा, नाहीतर विलासकाकांचा बंद पडलेला लँडलाइनच लागत राहील.

हिवाळ्यात चालत होतं आणि आता बिघडलं, हे तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. नागपुरात एप्रिल ते जून प्रत्येक घरात कूलर धडधडत असतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, पंप आणि तो मोठा पंखा. बाबांचा पलंग कूलरसमोरच असणार, आणि ते तिथूनच नाव घेत असणार. पंख्याचा एकसुरी घरघराट फोनला बोलण्यासारखाच भासतो. स, श, फ असली वाऱ्याची अक्षरं त्यात पार बुडतात, त्यामुळं ‘वैशाली’तला ‘शा’ गेला आणि मागं व आणि ल राहिले. ते विलासमध्येही आहेत. तुमचं अर्धं कोडं इथंच सुटतं. पारा ४५ च्या वर असताना कूलर बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. फोन लावायला आतल्या खोलीत जायचं किंवा निदान कूलरकडे पाठ करून, फोन आणि वारा यांच्यामध्ये आपलं अंग येईल असं बसायचं. ब्लूटूथ हेडसेट वापरून त्याच्या बटनावरूनही आवाजी डायलिंग सुरू करता येतं आणि माइक तोंडाजवळ राहतो, पण बाबांना अजून एक वस्तू चार्ज करायला लावणं मला तरी पटत नाही.

फोनचा माइकही तपासून घ्या. फोनमध्येच रेकॉर्डर आहे. बाबांना त्यात दोन वाक्यं बोलायला सांगा आणि ऐका. जे तुम्हाला ऐकू येईल तेवढंच फोनला ऐकू येतं. आवाज घुसमटल्यासारखा असेल तर खालच्या बाजूच्या बारीक छिद्रात धूळ बसली आहे. कोरड्या मऊ टूथब्रशनं हलके साफ करा. सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. तरीही घुसमटलेलाच राहिला तर माइक बदलावा लागेल. ते काम छोटं आहे, बर्डीत मोदी नंबर ३ च्या गल्लीत जुने फोन उघडणारे हात अजून सापडतात.

या फोनच्या कळा चपट्या आणि एकमेकींना चिकटून आहेत. नजर चांगली असलेल्यांचंही बोट चुकतं. उजव्या निवडीच्या कळेवर एम-सीलचा मोहरीएवढा ठिपका बसवा, म्हणजे बोटाला न बघता सापडेल. टिकली लावून बघितलीत तरी चालेल, पण घामानं ती चार दिवसांत निघते. कळा आपोआप लॉक होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर दरवेळी आधी लॉक काढण्याची सर्कस. पाठीमागचं कॅमेऱ्याचं सरकतं झाकण उघडलं की कॅमेरा सुरू होतो आणि फोन डायलिंग सोडून फोटोच्या तयारीला लागतो. त्या झाकणावर चिकटपट्टी मारून टाका.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. आवाजी डायलिंग ही रोजच्या सोयीची गोष्ट आहे, तिच्यावर अडीअडचणीच्या वेळी भिस्त ठेवायची नाही. घाबरलेल्या, धाप लागलेल्या माणसाचा आवाज त्याचा नेहमीचा आवाज नसतो. त्यासाठी स्पीड डायल लावा. २ वर तुमचा भाऊ, ३ वर ज्ञानेश्वर शेजारी, ५ वर डॉक्टर. सेटिंग्जमध्ये कॉलच्या भागात स्पीड डायलिंग ‘ऑन’ करायला विसरू नका, मग कळ दाबून धरली की नंबर लागतो. १ ची कळ व्हॉइस मेलसाठी राखीव असते. आणि ११२ हा नंबर त्यांना बोटांनी दाबायचा सराव द्या.

सिम आणि बॅटरीचं उरकून टाकतो. या फोनला जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओला २जी नाही. ज्या कंपनीचं २जी नागपुरात तुमच्या भागात चांगलं चालतं तिचंच सिम घ्या. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये बसवून घालणार असाल तर मागून पातळ चिकटपट्टी लावून पक्कं करा. रिकामा अडॅप्टर कधीही आत सरकवू नका, बाहेर ओढताना तो सिमच्या पिना वाकवून आणतो. बॅटरी बीपी-६एम लागते. जुनी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवा. गरगर फिरली तर ती फुगली आहे, त्याच दिवशी बदला.

नवा फोन घ्यावा का, तर बाबा बहुतेक घरीच असतील आणि वीसेक माणसांशीच बोलत असतील, तर घेऊ नका. वरची कामं करून महिनाभर बघा. ते अंबाझरीला फिरायला जात असतील, रिक्षा बोलवणं किंवा पैसे पाठवणं त्यांना हवं असेल, तर मात्र स्मार्टफोनला पर्याय नाही. गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये ऑगस्ट २०१७ पासून मराठी आली आहे आणि आपल्या नावांच्या बाबतीत आजचे फोन एन७३ च्या कितीतरी पुढं आहेत. पण त्यांना आवाज ओळखायला बहुधा इंटरनेट लागतं आणि काचेवर बोटाला काहीच लागत नाही. बाबांची तक्रार नेमकी त्याच काचेबद्दल आहे. स्मार्टफोन घेतलात तरी स्पीड डायल लावलेला हा एन७३ त्यांच्या उशाशी असू द्या.